ज्योतिर्विद् शंकर बाळकृष्ण दीक्षित

मकरसंक्रांतीस आपण तिळगूळ वांटतों आणि सूर्य आज उत्तरेकडे वळला असें मुलांना सांगतों. वस्तुतः सूर्य त्यापूर्वीं तीन आठवडे, म्हणजे डिसेंबरच्या २१-२२ तारखेसच, उत्तरेकडे वळलेला असतो. अंगणांत एक काठी रोवून तिची मध्यान्हीची सावली महिनाभर मोजली तर कोणाहि गृहिणीस हें स्वतः पडताळून पाहतां येईल. मग १४ जानेवारीस आपण जो सण करतों तो नक्की कशाचा? हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्यांनीं जिवास लावून घेतला, आणि त्याच अभ्यासांतून ज्यांच्या हातून आपल्या ज्योतिषशास्त्राचा समग्र इतिहास मराठींत लिहिला गेला, त्या शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा परिचय ह्या महिन्यांत वाचकांस करून देण्याचें योजिलें आहे.

दीक्षितांचा जन्म १८५३ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील दापोली तालुक्यांत, मुरूड ह्या समुद्रकांठच्या गांवीं झाला. महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें बाळपण ज्या गांवीं गेलें तेंच हें मुरूड. कर्वे त्यांच्याहून पांच वर्षांनीं लहान. जंजिऱ्याजवळचें मुरूड निराळें. पण त्याहि मुरुडाजवळ नांदगांव आहे, आणि तेथल्या गणेश दैवज्ञानें १५२० सालीं रचिलेल्या ‘ग्रहलाघवा’वरून पुढें तीनशेंहून अधिक वर्षें महाराष्ट्रांतील पंचांगें होत आलीं. कोंकणच्या किनाऱ्याचें ज्योतिषाशीं कांहीं नातें आहे कीं काय, असें वाटावें असा हा योग आहे. असो.

दीक्षित विद्यापीठाचे पदवीधर नव्हते. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजांत शिक्षकाचें शिक्षण आणि मॅट्रिकची परीक्षा, एवढीच त्यांची शालेय पुंजी. नोकरी सरकारी शाळाखात्यांत. बदली होईल तसें बिऱ्हाड उचलावें, ठाणें, बार्शी, धुळें असें फिरावें, आणि शेवटीं पुन्हां पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजांतच शिकविण्यास यावें, असा त्यांचा आयुष्यक्रम. ह्या चरित्रांत तुरुंगवास नाहीं, परदेशगमन नाहीं, सभा गाजविल्याचा प्रसंग नाहीं. शाळा सुटल्यावर उरेल तेवढ्या वेळांत संस्कृत सिद्धांतग्रंथ वाचावे, पाश्चात्य गणिताशीं त्यांचा ताळा पाहावा आणि रात्रीं आकाश न्याहाळावें, हाच त्यांचा उद्योग. जें स्वतःस कळलें तें चारचौघांस सांगावें ही शिक्षकी हौसहि त्यांस होती. ‘सृष्टिचमत्कार’ आणि ‘ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज’ हीं त्यांचीं पुस्तकें त्या हौसेचीं फळें होत. दुसऱ्याचें नांवच किती घरगुती आहे पाहा! जेवणें आटोपल्यावर अंगणांत सतरंजी टाकून मुलांसह बसावें, आणि जाणत्यानें बोट करून एकेक तारा दाखवावा, असा भाव त्या नांवांतच आहे.

त्या काळीं महाराष्ट्रांत पंचांगाचा वाद चांगलाच पेटला होता. आपण धरिली ती एकादशी आकाशांतहि एकादशीच होती कीं नाहीं, हा प्रश्न आचारनिष्ठ घरांत क्षुल्लक समजला जात नसे. ‘ग्रहलाघवा’चें गणित जुनें झालें होतें, ग्रंथ ग्रह जेथें सांगे तेथें तो दिसत नसे. ह्यावर उपाय म्हणून केरो लक्ष्मण छत्रे यांनीं १८६० सालीं युरोपीय ग्रंथांच्या आधारें ग्रहगणिताचीं कोष्टकें मराठींत प्रसिद्ध केलीं, आणि पुढें १८६५ पासून आबासाहेब पटवर्धनांच्या साह्यानें नव्या गणिताचें ‘पटवर्धनी’ पंचांग निघूं लागलें. ग्रहांच्या स्थानांची चूक ह्यामुळें सुधारली. परंतु वर्ष कोणतें धरावें, हा मूळचा प्रश्न तसाच राहिला.

तो प्रश्न थोडक्यांत असा. वसंतसंपातापासून निघालेला सूर्य पुन्हां त्याच संपातीं येण्यास ३६५ दिवस ५ तास ४९ मिनिटें लागतात; हें ऋतूंचें, म्हणजे सायन वर्ष. तोच सूर्य एखाद्या तारकेपाशीं पुन्हां येण्यास ३६५ दिवस ६ तास ९ मिनिटें लागतात. हें नाक्षत्र, म्हणजे निरयन वर्ष. दोहोंत फरक २० मिनिटांचा. वर्षाकाठीं २० मिनिटें म्हणजे कांहींच नव्हे. पण सुमारें ७२ वर्षांत त्यांचा एक दिवस होतो. आपलीं पंचांगें निरयन वर्षाचीं, आणि सूर्यसिद्धांताचें वर्ष तर खऱ्या नाक्षत्र वर्षाहूनहि सुमारें साडेतीन मिनिटांनीं मोठें. पंधरा-सतराशें वर्षांपूर्वीं उत्तरायणाचा आरंभ आणि मकरसंक्रांत हीं एकत्र येत होतीं, तीं तेव्हांपासून एकमेकांपासून दूर जात आहेत. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ सालच्या मकरसंक्रांतीचा. त्या वर्षीं ती १२ जानेवारीस होती. आज ती १४ किंवा १५ जानेवारीस येते. ह्याच रीतीनें चाललें तर आणखी दोन हजार वर्षांनीं तिळगूळ फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यांत वांटावा लागेल.

विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि दीक्षित ह्या मंडळींनीं सायन पक्ष उचलून धरिला आणि तसें पंचांगहि छापून लोकांपुढें ठेविलें. वेदांतील मधु, माधव इत्यादि महिन्यांचीं नांवें ऋतूंवरून पडलेलीं आहेत, यज्ञकर्में ऋतूंस बांधलेलीं आहेत. तेव्हां जें वर्ष ऋतूंपासून सुटत जातें तें श्रुतीसहि संमत असणार नाहीं, असा त्यांचा युक्तिवाद. प्रतिपक्षाचें म्हणणेंहि हलकें नव्हतें. सायन मान स्वीकारलें तर पंचांगांतली अश्विनी आणि आकाशांतली अश्विनी यांची ताटातूट होते; नांव एका नक्षत्राचें आणि जागा दुसऱ्याची. लोकमान्य टिळक ह्या निरयन पक्षाचे होते. आकाशाला धरून राहण्याची इच्छा दोन्ही पक्षांची होती; एकानें सूर्य धरिला, दुसऱ्यानें तारे. बहुजनसमाजानें मात्र बापजाद्यांचें पंचांग सोडलें नाहीं, आणि सायन पंचांगाचा प्रसार फारसा झाला नाहीं. ह्या पराभवानें दीक्षित कडवट झाले नाहींत, ही गोष्ट आम्हांस त्यांच्या गणितज्ञानाइतकीच मोलाची वाटते. वाद जिंकतां येत नाहीं तर वादाचा सगळा इतिहासच नीट लिहून ठेवावा, अशा वृत्तीनें ते कामास लागले.

दरम्यान त्यांच्या गणिताची कसोटी लागेल असा एक प्रसंग आला. गुप्त राजांचे शिलालेख सांपडले होते, त्यांवर वर्षांचे आंकडेहि होते. पण तो गुप्तसंवत् कोणत्या सालीं सुरू झाला ह्याविषयीं विद्वानांत एकमत नव्हतें. कोणी तो शकाबरोबरचाच मानी. कनिंगहॅमसाहेबांच्या मतें तो इ. स. १६६ च्या सुमाराचा. गुप्तसंवत् शकानंतर २४१ वर्षांनीं सुरू झाला असें अल्बेरूणीनें लिहून ठेविलें होतें, पण त्यावर सर्वांचा विश्वास बसेना. मुंबई इलाख्यांतील सनदी अधिकारी जॉन फेथफुल फ्लीट हे त्या वेळीं गुप्त लेखांचा संग्रह सिद्ध करीत होते. मंदसोरच्या लेखांत कुमारगुप्ताबरोबर मालव संवताचा आंकडा मिळाल्यानें अल्बेरूणीच्या बाजूस बळ आलें. तथापि नेमकें वर्ष ठरविण्यास तिथि आणि वार जुळतात कीं नाहीं हें पाहणें अवश्य होतें. सागर जिल्ह्यांत एरण येथें बुधगुप्ताच्या काळचा स्तंभ आहे. त्यावरील लेखांत गुप्तवर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार, असा स्पष्ट निर्देश आहे. १६५ मध्यें २४१ मिळविले म्हणजे शक ४०६ येतो. त्या शकांतील आषाढ शुद्ध द्वादशी कोणत्या वारीं पडली हें शोधण्याचें काम दीक्षितांनीं केलें.

आज हें गणित यंत्र क्षणांत करून देतें, म्हणून त्यांतील श्रम आपल्या ध्यानांत येत नाहींत. चौदाशें वर्षांपूर्वींच्या एका दिवसाचा सूर्य कोठें होता, चंद्र कोठें होता, दोहोंतील अंतर किती, हें कोष्टकांवरून, कागदावर, हातानें काढावयाचें. आणि तेंहि अशा अनेक लेखांसाठीं. छत्र्यांचीं कोष्टकें येथें कामास आलीं. उत्तर आलें तें इ. स. ४८४ च्या जून महिन्याची २१ तारीख, आणि वार गुरुवार! फ्लीट यांचा ग्रंथ १८८८ सालीं प्रसिद्ध झाला त्यांत हें गणित आहे, आणि गुरूच्या बारा वर्षांच्या चक्रावर दीक्षितांचें स्वतंत्र परिशिष्टहि आहे. शाळेंतून पाठ्यपुस्तकें चौथ्या-पांचव्या शतकांतील गुप्त सम्राटांचीं सालें आज निःशंकपणें देतात, त्या निःशंकतेंत ह्या मराठी शिक्षकाच्या आंकडेमोडीचा वांटा आहे. पुढें १८९६ सालीं रॉबर्ट सीवेल आणि दीक्षित ह्या दोघांच्या नांवानें ‘दि इंडियन कॅलेंडर’ हा ग्रंथ लंडन येथें निघाला. इ. स. ३०० पासून १९०० पर्यंतच्या हिंदु तिथींचें इंग्रजी तारखांशीं मेळ घालून देणारीं कोष्टकें त्यांत आहेत.

त्याच १८९६ सालीं पुण्यास त्यांचा मुख्य ग्रंथ, ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’, प्रसिद्ध झाला. दक्षिणा प्राइज कमिटीनें पंचांगाच्या इतिहासावर ग्रंथ मागविला, त्या निमित्तानें आरंभिलेलें लेखन वाढत वाढत ह्या आकारास पोंचलें. वेदांतील ऋतु-नक्षत्रांच्या उल्लेखांपासून वेदांगज्योतिष, पांच सिद्धांत, आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य, आणि तेथून थेट केरूनाना छत्रे व काशीचे बापूदेवशास्त्री यांच्यापर्यंत सर्वांची दखल त्यांत आहे. आम्हांस विशेष कौतुक वाटतें तें मोठ्या नांवांचें नव्हे. ज्यांचा एखादा करणग्रंथ कोठल्याशा घरीं हस्तलिखितांत पडून राहिला होता, अशा गांवोगांवच्या ज्योतिष्यांचाहि काळ ठरविण्यासाठीं दीक्षितांनीं तितकेच श्रम घेतले आहेत.

ह्या ग्रंथांतील सर्वांत गाजलेलें अनुमान शतपथ ब्राह्मणाच्या काळाविषयींचें. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहींत, इतर नक्षत्रें ढळतात, अशा अर्थाचें एक वचन त्या ब्राह्मणांत आहे. दीक्षित म्हणाले, जी तारका बरोबर पूर्वेस उगवते ती आकाशांतील विषुववृत्तावर असली पाहिजे. आज कृत्तिका तशा उगवत नाहींत. कार्तिकांत दिवेलागणीनंतर गच्चीवर जाऊन पाहावें. आपल्या प्रांतांतून तो लहानसा पुंजका ठीक पूर्वेच्या सुमारें २५ अंश उत्तरेस वर येतांना दिसेल. संपाताची गति लक्षांत घेऊन मागें मागें गेलें म्हणजे कृत्तिका विषुववृत्तावर होत्या तो काळ इसवी सनापूर्वीं सुमारें ३००० वर्षें येतो. टिळकांचा ‘ओरायन’ आणि जर्मन पंडित याकोबी यांचें ह्याच विषयावरील विवेचन १८९३ सालीं बाहेर आलें होतें. दीक्षितांचा निबंध १८९५ सालीं ‘इंडियन अँटिक्वेरी’ पत्रांत आला. थिबो प्रभृति विद्वानांस असलीं अनुमानें पटलीं नाहींत. पूर्व हा शब्द तेथें स्थूल अर्थानें असेल, किंवा वचन जुन्या काळचें आणि ग्रंथ मागाहूनचा असेल, असे आक्षेप घेतां येतात, आणि ते आजहि घेतले जातात. निकाल कांहींहि लागो. एका ओळीच्या वचनाला आकाशांत नेऊन तपासण्याची ही रीत पाहण्यासारखी आहे.

ग्रंथ मराठींत लिहिल्यामुळें परप्रांतीय आणि परदेशीय विद्वानांस तो दीर्घकाळ दुर्गम राहिला, हें खरें. इंग्रजींत लिहिला असता तर कीर्ति लवकर पसरली असती. पण मग आपल्या पंचांगकर्त्यांच्या, शाळामास्तरांच्या आणि भटभिक्षुकांच्या हातीं तो पडला असता काय? ज्यांचा हा वाद होता त्यांच्याच भाषेंत त्यांनीं तो मांडला, ह्यांत आम्हांस कांहीं गैर दिसत नाहीं. खंत वाटावी ती निराळीच: ज्यांस तो सहज वाचतां येतो त्या आपल्यापैकीं किती घरांत तो वाचला गेला?

ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर दोनच वर्षांनीं, १८९८ सालीं, दीक्षित वारले. वयाला पंचेचाळीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं.

पंचांगाचा वाद त्यांच्यामागें चालूच राहिला. मुंबई, पुणें, सांगली येथें ज्योतिषपरिषदा झाल्या. टिळक पंचांग निघालें, आणि रत्नागिरीकडील कांहीं घरांत तें आजहि मानतात, त्यामुळें अधिक मासाच्या फरकानें एखाद्या वर्षीं त्यांचे गणपति शेजाऱ्यांच्या आधीं महिनाभर बसतात. स्वातंत्र्यानंतर १९५२ सालीं भारत सरकारनें प्रसिद्ध शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालीं पंचांग सुधारणा समिति नेमिली. देशांतील सुमारें ३० निरनिराळीं पंचांगें समितीनें तपासलीं. नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर हे तिचे सभासद होते, उज्जयिनीचे र. वि. वैद्य हेहि होते, ज्यांनीं पुढें दीक्षितांच्या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर केलें. त्याचा पहिला भाग १९६९ सालीं आणि दुसरा १९८१ सालीं सरकारनें प्रसिद्ध केला.

साहा १९५६ च्या फेब्रुवारींत वारले. त्यांच्या समितीनें शिफारस केलेली राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ रोजीं, म्हणजे १ चैत्र शके १८७९ ह्या दिवशीं, अमलांत आली. तिचें वर्ष सायन आहे. धार्मिक सणांसाठीं मात्र समितीनें निरयन गणना कायम ठेवून तडजोड केली. त्या दिनदर्शिकेंत पौषाची पहिली तारीख २२ डिसेंबरास येते, आणि सरकारी राजपत्रावर ती दरसाल छापलीहि जाते. घरच्या भिंतीवरील पंचांगांत मकरसंक्रांत अद्याप १४ किंवा १५ जानेवारीसच असते.