स्थानिक जेवणातले स्थानिक कुठे आहेत?

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केलं आणि आपल्या सरकारने त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात या धान्यांना 'श्री अन्न' म्हटलं. ज्वारी-नाचणीची भाकरी आपल्या घरांत पिढ्यानपिढ्या गरिबीची खूण होती. आता 'श्री' लागल्यावर ती महागड्या ताटात आली आहे.

बंगळूरूजवळ देवनहळ्ळी परिसरातल्या अशाच एका रेस्टॉरंटमध्ये आम्ही मैत्रिणीच्या पीएचडीचा आनंद साजरा केला. 'स्थानिक आणि शाश्वत' अन्न ही त्या जागेची ओळख. भाजी किती किलोमीटरवरून आली हे मेनूकार्डवर होतं. ती कोणी पिकवली, जमीन कोणाची, मजुरी किती, यातलं काहीच नव्हतं.

देवनहळ्ळीत हे प्रश्न जगण्या-मरण्याचे आहेत. तिथल्या चन्नरायपट्टण होबळीतल्या १३ गावांची १,७७७ एकर जमीन सरकारला एरोस्पेस पार्कसाठी हवी होती. शेतकऱ्यांनी तीन वर्षांहून अधिक काळ आंदोलन केलं. त्यांत दलित अल्पभूधारक कुटुंबंही होती. अखेर १५ जुलै २०२५ रोजी मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी हे भूसंपादन रद्द करत असल्याचं जाहीर केलं. जमीन गेली असती तरी मेनूवरचा 'स्थानिक' हा शब्द तसाच राहिला असता. पिकवणारे मात्र आपल्याच गावात पहारेकरी किंवा रोजंदार झाले असते.

काही मित्र म्हणतात, आपण पहिल्यांदाच अशा टेबलावर बसतोय, तिथेही जात कशाला काढायची? त्यांनी चकवारा आठवावं. जयपूर संस्थानातल्या या गावात १९३६ साली तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्य माणसाने आपल्या लोकांना जेवण दिलं. पानात तूप वाढलं होतं. शेकडो हिंदू लाठ्या घेऊन आले, अन्नाची नासाडी केली आणि जेवणाऱ्यांना मारलं. बाबासाहेबांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये ही घटना नोंदवली आहे. त्यामुळे आपण चांगलं जेवतो, आनंद साजरा करतो, याची लाज बाळगायचं काही कारण नाही.

पण त्या ताटामागच्या गोष्टीत आपली माणसं गाळली जात असतील तर बोलायलाच हवं. आपल्या आज्या काहीच वाया जाऊ देत नसत. ती काटकसर जातीने लादलेली होती. तिलाच आता 'शाश्वत परंपरा' म्हणून सजवणं म्हणजे भुकेचं कौतुक करणं. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत जनावराचं मांस सोडायला सांगितलं, ते स्वाभिमानासाठी.

म्हणून शाश्वत अन्नाची कसोटी किलोमीटर ही असू शकत नाही. पिकवणाऱ्याकडे जमीन टिकली का, शेतमजुराला पुरेशी मजुरी मिळाली का, त्याची मुलं शिकली का, हे विचारायला हवं. विद्यापीठाने आपल्याला प्रश्न विचारायला शिकवलं आहे. ते प्रबंधात विचारू, धोरण ठरवणाऱ्यांना विचारू आणि बिल भरताना हॉटेलवाल्यालाही विचारू.