कॉलरसाठी रात्रभर बादली कशाला?



कॉलर आणि कफ काळे दिसले की आपण शर्ट रात्रभर भिजत टाकतो आणि सकाळी ब्रशने खसाखसा घासतो. मला हे पटत नाही. तो मळ म्हणजे अंगाचे तेल, घाम आणि त्याला चिकटलेली धूळ. जोरात घासून आधी कापड विरते, तेल तसेच राहते.

कोरड्या कॉलरवर भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब बोटांनी चोळा आणि अर्धा तास ठेवा. मग गाळलेल्या कोमट पाण्यात मऊ ब्रशने हलकेच धुवा. डाग उरला तर पुन्हा तेच करा. तोवर इस्त्री नको, उष्णतेने डाग पक्का बसतो. घामाच्या पिवळ्या डागांना क्लोरीनचे ब्लीचही लावू नका, पिवळेपणा वाढू शकतो.

साचलेल्या पाण्यात जीव उत्पन्न होतात, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. अर्ध्या तासात काम होत असताना बादली रात्रभर का भरून ठेवायची? शिवाय शर्ट वर्षभर जास्त टिकला, तर नवा घ्यावा लागत नाही. अपरिग्रह याहून वेगळा काय असतो? यत्नाचार मोरीतही पाळता येतो.