शोधाच्या चौकटीत काय लिहावे?

पावसाळ्याच्या तोंडावर कोकणातल्या सरकारी रुग्णालयांत एक प्रसंग ओळखीचा असतो. कौले चाळताना, लाकडे रचताना किंवा गडग्याचे चिरे उचलताना कुणाला तरी विंचू डसलेला असतो. माणूस घामाने निथळत असतो, हातपाय गार पडलेले, उलट्या चालू. खाटेपाशी उभा असलेला भाचा मोबाइल पुढे करून म्हणतो, "डॉक्टर, यात लिहिलंय की विंचवाला एक गोळी पुरते. मग हे इंजेक्शन कशाला?" तेवढ्यात मुंबईहून चाकरमानी मुलाचा फोन येतो. त्याने लोकलमध्ये बसल्या बसल्या शोधलेले असते आणि त्याला नेमके उलटे सापडलेले असते: गोळीबिळी नको, प्रतिविषच द्या.

अशा वेळी डॉक्टर वैतागून म्हणतात, "सगळं गुगलवरच कळत असेल तर इथे कशाला आलात?" वैताग समजण्यासारखा असला, तरी उत्तर चुकीचे आहे. भाचा आणि मुलगा दोघेही खोटे बोलत नसतात. दोघांच्या पडद्यावर जे आहे ते कुठल्या ना कुठल्या खऱ्या वैद्यकीय लेखनातूनच आलेले असते. फक्त दोघांनी शोधाच्या चौकटीत जे शब्द टाकले, त्यांतून काळ आणि ठिकाण या दोन गोष्टी सुटून गेल्या.

आधी काळ. कोकणातल्या लाल विंचवावरच्या उपचाराचा इतिहास रत्नागिरीपासून फार दूर घडलेला नाही. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 पासून हे रुग्ण बारकाईने पाहत होते. त्यांची निरीक्षणे 1982 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आली. रक्तदाबावरची प्राझोसिन ही जुनी, स्वस्त गोळी विंचवाच्या विषाने हृदयावर येणारा ताण उतरवते, हे त्यांनी 1986 मध्ये तिथेच मांडले. पूर्वी विषबाधा गंभीर झालेल्या रुग्णांपैकी पाव हिस्सा किंवा त्याहूनही अधिक फुप्फुसात पाणी होऊन दगावत. प्राझोसिन वेळेवर मिळू लागल्यावर हे प्रमाण 1 टक्क्याच्या आसपास आल्याचे त्यांच्या नोंदी सांगतात. भाच्याला सापडली ती ही गोळी. पण गोष्ट तिथे थांबली नाही. 2011 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने महाडच्याच 70 रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली. निम्म्या रुग्णांना केवळ प्राझोसिन दिले होते आणि निम्म्यांना प्राझोसिनबरोबर विंचवाचे प्रतिविष. दोन्ही मिळालेले रुग्ण निम्म्याहून कमी वेळात सावरले. भाच्याने शोधाच्या पानावरच्या 'टूल्स'मध्ये जाऊन कालावधी निवडला असता, तर 1986 बरोबर 2011 ही दिसले असते.

आता ठिकाण. मुलाने इंग्रजीत नुसते 'विंचू दंश उपचार' अशा अर्थाचे शब्द टाकले. अशा शोधात अमेरिका आणि मेक्सिकोची पाने सहज वर येतात. तिथला विंचू वेगळ्या प्रजातीचा, त्याचे विष वेगळे आणि त्यावरचे प्रतिविषही वेगळे. तिथे प्रतिविषावर भर आहे आणि ते तिथे बरोबरही आहे. पण ते वाचून रत्नागिरीत प्राझोसिन नाकारणे धोक्याचे. शोधात 'भारत' किंवा 'कोकण' एवढा एक शब्द वाढवला, तरी निकालांचा चेहरा बदलतो.

विंचवाचे शास्त्रीय नाव टाकले तर आणखी नेमके सापडावे, असे वाटेल. सापडतेही, पण त्यात एक मेख आहे. या विंचवाचे नाव शास्त्रज्ञांनी बदलत नेले. जुन्या लेखांत तो 'ब्यूथस टॅम्युलस' आहे, 2011 च्या चाचणीत 'मेसोब्यूथस टॅम्युलस' आणि आता 'हॉटेंटोटा टॅम्युलस'. एकच नाव अवतरणचिन्हांत टाकून शोधले, तर उरलेल्या दोन नावांखालचे काम निसटण्याचा संभव राहतो. म्हणून तिन्ही नावे टाकून त्यांच्या मध्ये इंग्रजी मोठ्या अक्षरांत 'ऑर' लिहायचे. जाळे फार बारीक विणले तर पाणी लवकर पुढे सरत नाही आणि फार मोकळे ठेवले तर मासळी निसटते, हे खाडीकाठच्या माणसाला सांगायला नको. इथेही तसेच आहे.

मराठीत शोधणाऱ्याची अडचण थोडी निराळी. बोलताना आपण 'सापाची लस' म्हणतो. पण यंत्राला लस म्हणजे पोलिओ, गोवर, कोविडची लस वाटू शकते. 'प्रतिविष' किंवा 'सर्पदंश' लिहिले की निकाल बदलतात. लिपी एकच असल्याने हिंदी पाने मध्ये घुसतात. 'ताप' हा शब्द आपल्याला दवाखान्यात नेतो, हिंदीत तो उष्णतेकडेही नेऊ शकतो. 'कावीळ' लिहिले की मराठी पाने येतात, कारण हिंदीत तिला पीलिया म्हणतात. त्यामुळे शक्य असेल तिथे फक्त मराठीत असलेला शब्द निवडावा. शब्दसमूह जसाच्या तसा हवा असेल तर तो अवतरणचिन्हांत घालावा. पण 'फुरसे' अवतरणचिन्हांत घातले, तर बोलीतले 'फुरसं' लिहिणारे पान येणार नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

नको असलेला शब्द वगळायला त्याच्या आधी, मध्ये जागा न सोडता, वजाचे चिन्ह लावायचे. 'सर्पदंश' लिहून पुढे वजा लावून 'घरगुती' लिहिले, की जडीबुटीची बरीचशी पाने गळतात. विश्वासाच्या जागेतच शोधायचे असेल तर इंग्रजीत 'साइट' लिहून लगेच अपूर्णविराम द्यायचा आणि त्याला चिकटून पत्ता लिहायचा. जागतिक आरोग्य संघटनेसाठी 'डब्ल्यूएचओ डॉट इंट', भारत सरकारच्या पानांसाठी 'जीओव्ही डॉट इन'. सरकारी पाने दिसायला कंटाळवाणी असतात, कित्येकदा पीडीएफ उघडता उघडत नाही. पण त्यांना काही विकायचे नसते.

खुणांपेक्षाही जास्त घोटाळा प्रश्नाच्या कलामुळे होतो. 'साप चावल्यावर घरगुती उपाय' असे विचारले की यंत्र इमानाने घरगुती उपायच आणून देते. घरी उपाय करावा की नाही, हे ते आपणहून सांगेलच असे नाही. 'अमुक काढ्याने मधुमेह बरा होतो का' हा प्रश्नही तसाच. त्यात उत्तर आधीच भरून ठेवलेले असते आणि काढा विकणारे त्याचीच वाट पाहत असतात. रुग्ण तपासताना डॉक्टर "छातीत दुखतं ना?" असे विचारत नाहीत, "काय होतंय?" असे विचारतात. शोधतानाही 'बरा होतो' ऐवजी 'मधुमेह उपचार मार्गदर्शक तत्त्वे' असे सपाट शब्द बरे. हल्ली निकालांच्या वर संगणकाने तयार केलेला गोषवारा येतो. तोही शेवटी पानांतूनच उचललेला असतो, तेव्हा खालची दोन-तीन मूळ पाने उघडून पाहिल्याशिवाय त्यावर गोळ्या बदलू नयेत.

काही वेळा मात्र मोबाइल फक्त 108 लावण्यापुरता हातात घ्यावा. रत्नागिरीच्या कातळावर फुरसे मुबलक. ब्रिटिश काळात ते मारण्यासाठी सरकार बक्षीस देत असे. त्याच्या विषाने रक्त गोठायचे थांबते. बाहेरून पाय थोडा सुजलेला दिसतो आणि हिरड्यांतून रक्त काही तासांनी येऊ लागते, तोवर शोधाशोध चालू असते. रुग्णालयात मात्र काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडे रक्त घेऊन ती 20 मिनिटे न हलवता ठेवतात आणि गोठले की नाही ते पाहतात. नाही गोठले तर सर्पदंशाचे प्रतिविष सुरू होते. ही नळी कुठल्याही शोधयंत्रापेक्षा नेमकी आहे. शोध घ्यायचा तो रुग्ण स्थिर झाल्यावर, किंवा त्याहून चांगले म्हणजे साप निघायच्या आधी, एखाद्या निवांत दुपारी.

यात डॉक्टरांकडेही बोट जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचे 'पबमेड' 1997 पासून सर्वांना मोफत खुले आहे. त्यात आज साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. तिथे 'हार्ट अटॅक' लिहिले तरी 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' खालचे लेखही येतात, कारण एकाच आजाराची निरनिराळी नावे एका ठरलेल्या संज्ञेखाली आणण्याचे काम ग्रंथपालांनी 1960 पासून केले आहे. मराठीत असे कुणी केलेले नाही. ते होईपर्यंत ठरलेला शब्द रुग्णाच्या हाती देणे हे त्याच्या डॉक्टरचेच काम. औषधे मूळ नावाने, सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असा नियम 2016 पासून आहे. तो पाळला गेला तर घरी गेलेला माणूस ब्रँडच्या जाहिरातीऐवजी औषध शोधू शकेल. केसपेपरवर निदान मात्र अजूनही दोन-तीन इंग्रजी आद्याक्षरांत उरकले जाते. त्या आद्याक्षरांचे वेगवेगळे अर्थ निघतात आणि रात्री घरी बसून त्यांतला सर्वांत भीतिदायक अर्थ नातेवाइकांना सापडतो.

डिस्चार्ज कार्डावर आधीच बरेच रकाने आहेत. त्यात निदान पूर्ण शब्दांत, एकदा इंग्रजीत आणि एकदा मराठीत लिहायला एका ओळीची जागा लागते.