श्वासाच्या मापाने काम

जेम्स गिलमोर हे अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरचे प्रसूतितज्ज्ञ. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांच्या डाव्या फुप्फुसात कर्करोग आढळला. सेंट लुई येथील शल्यविशारद डॉ. एव्हर्ट्स ग्रॅहॅम यांनी ५ एप्रिल १९३३ रोजी ते फुप्फुस एकाच शस्त्रक्रियेत समूळ काढून टाकले. कर्करोगासाठी केलेली अशी ही पहिलीच यशस्वी शस्त्रक्रिया होय. गिलमोर पुढे आपल्या व्यवसायात परतले आणि एका फुप्फुसावर तीस वर्षे जगले. १९६३ साली त्यांचे निधन झाले. त्यांना जीवदान देणारे ग्रॅहॅम मात्र १९५७ सालीच याच रोगाने गेले होते.

प्रत्येक रोग्याच्या वाट्याला इतके आयुष्य येत नाही, हे खरे. हा रोग आजही पुष्कळदा उशिराच ध्यानात येतो. तथापि जे त्यातून उठतात त्यांच्यापुढे, आणि त्यांच्या घरच्यांपुढेही, एक प्रश्न उभा राहतो: आता कामावर जावे की नाही, आणि जावे तर कोणत्या बेताने?

उत्तरासाठी शरीराकडे पाहावे लागते. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड असतात, डाव्याचे दोन. आजकाल रोग एका जागी सापडला, तर बहुधा एक खंडच काढतात. निसर्गाने फुप्फुसांत मोठी शिल्लक ठेवलेली असल्यामुळे स्वस्थ बसलेल्या माणसाला ती उणीव फारशी जाणवत नाही. जिना चढताना किंवा ओझे उचलताना मात्र दम लागतो. यातूनच गैरसमज होतात. कचेरीतील सहकारी त्याला खुर्चीत बसलेला पाहतात आणि म्हणतात, हा पूर्ण बरा झाला. घरची माणसे त्याला जिन्यात धापा टाकताना पाहतात आणि म्हणतात, याला आता काहीच झेपणार नाही. दोघेही अर्धेच पाहतात. श्वासाला झेपेल तेवढे काम आणि काम झेपेल एवढा श्वास, या दोहोंचा मेळ हळूहळू घालावा लागतो.

म्हणून घाई नको आणि आळसही नको. डॉक्टरांच्या सल्ल्याने श्वसनाचे व्यायाम करावे, रोज थोडे अधिक चालावे आणि शक्य असल्यास पहिले काही आठवडे अर्धा दिवसच काम करावे. उपचारानंतरचा थकवा झोपेने जातोच असे नाही. तो महिनोन्‌महिने राहू शकतो, त्याला कामचुकारपणा समजू नये. धंद्याप्रमाणे अडचणीही निराळ्या असतात. स्वरयंत्राच्या मज्जातंतूला इजा झाली असल्यास शिक्षकाचा आवाज बसतो. प्लॅटिनमयुक्त औषधांनी बोटे बधिर होतात, तेव्हा शिंप्याला सुई धरणे कठीण जाते. दगडखाणीत किंवा धुळीच्या कारखान्यात राबणाऱ्याने तर काम बदलण्याचाच विचार करावा.

केंद्र सरकारच्या १९७२ च्या रजा नियमांप्रमाणे, वैद्यकीय दाखल्यावर रजा घेतलेल्या नोकराला रुजू होण्यापूर्वी तंदुरुस्तीचा दाखला द्यावा लागतो. अशा वेळी नुसते ‘कामास योग्य’ एवढेच लिहून न घेता, किती तास, कोणते काम, जिना आणि प्रवास किती, हेही डॉक्टरांकडून मागून घ्यावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या यादीत कर्करोगाचे नाव नाही. परंतु रोगामुळे त्या यादीतील एखादे अपंगत्व नोकरीत असताना आले, तर सरकारी आस्थापनेला त्या नोकराला काढता येत नाही किंवा त्याचा दर्जा उतरविता येत नाही. तो जुन्या जागेस योग्य नसल्यास त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे, असे कलम २० सांगते.

कायद्याला न पोहोचता येणारी एक जागा आहे, ती म्हणजे शेजारचे मेज. खोकला ऐकताच आपल्याकडे क्षयाची आठवण होते आणि पाण्याचा पेला बाजूला ठेवला जातो. कर्करोग संसर्गाने होत नाही, हे एकदा स्पष्ट सांगून टाकावे. दुसरा घाव प्रश्नाचा असतो: “विडी-सिगारेट ओढत होता ना?” तंबाखू हे या रोगाचे प्रमुख कारण आहे, याविषयी शंका नाही, आणि ती सोडणे उपचारानंतरही हिताचेच असते. पण आपल्या देशातील रुग्णांत कधीही धूम्रपान न केलेले स्त्रीपुरुषही पुष्कळ आहेत. आणि ओढली असेल, तरी उठून कामाला लागलेल्या माणसाची झडती घेण्याचा अधिकार कोणाला नाही.

घरच्यांनी एक गोष्ट सांभाळावी. तपासणीची तारीख जवळ आली की रोग्याची झोप उडते, हातातील काम सुटते. त्या दिवसांची रजा आधीच मागून ठेवावी आणि तपासणीला कोणीतरी सोबत जावे. एरवी त्याला, किंवा तिला, डबा भरून द्यावा आणि वेळेवर निघू द्यावे. मायेपोटी दारात अडवू नये.