हिशेबाच्या वहीत नसलेला वाटा

व्हिस्कीचे नाव या स्तंभात पाहून आमच्या काही वडीलधाऱ्या वाचकांच्या कपाळास आठी पडेल, हे आम्ही जाणून आहो. दारूने धुळीस मिळविलेले संसार या सीमाभागात थोडे नाहीत, आणि त्या व्यसनाची भलामण करण्यासाठी आम्ही लेखणी हाती घेतलेली नाही. आजचा विषय आहे एका जोडप्याने उभी केलेली भट्टी. तिच्या निमित्ताने आम्हांस जे विचारावयाचे आहे ते मद्यालयात जाणाऱ्यास नव्हे, तर रोज संध्याकाळी गल्ला मोजून वही लिहिणाऱ्या प्रत्येक गृहस्थास विचारावयाचे आहे.

जपानातील हिरोशिमा प्रांतात ताकेहारा नावाचे गाव आहे. तेथील साके बनविणाऱ्या घराण्यात जन्मलेला मासाताका ताकेत्सुरू हा तरुण १९१८ साली व्हिस्कीची विद्या शिकण्यासाठी स्कॉटलंडला गेला. ग्लासगो विद्यापीठात तो रसायनशास्त्र शिकला आणि पुढे तेथील भट्ट्यांत उमेदवारी करून त्याने आपल्या वह्या टिपणांनी भरून काढल्या. तेथेच रीटा काउअन या तरुणीशी त्याचा परिचय झाला. दोन्ही घरांचा विरोध असताना १९२० च्या जानेवारीत त्यांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. पत्नीसाठी स्कॉटलंडमध्येच राहण्याची मासाताकाची तयारी होती. परंतु त्याचे स्वप्न जपानात होते, तेव्हा जपानलाच चला, असे रीटानेच म्हटले, असे सांगतात. त्याच वर्षी ती त्याच्याबरोबर परमुलखात आली.

येथून पुढची कथा सुखाची नाही. ज्या कंपनीने त्याला शिकावयास धाडले होते तिने व्हिस्कीचा बेतच सोडून दिला. नोकरी सुटली. तेव्हा मासाताकाने शाळेत रसायनशास्त्र शिकविले आणि रीटाने इंग्रजीच्या व पियानोच्या शिकवण्या धरल्या. १९२३ साली शिंजिरो तोरी या उद्योगपतीने मासाताकास बोलाविले आणि क्योटो व ओसाका यांच्यामध्ये यामाझाकी येथे जपानातील पहिली माल्ट व्हिस्कीची भट्टी त्याच्या हातून उभी राहिली. मासाताकाचे मन मात्र थंड हवेच्या उत्तरेत गुंतले होते. १९३४ साली त्याने होक्काइदो बेटावरील योइची या गावी स्वतःची कंपनी काढली. तेथे थंडी होती, समुद्र होता, निर्मळ पाणी होते आणि सातू वाळविण्यास लागणारी पीट ही जळाऊ मातीही होती.

या धंद्याचे मर्म ज्यांस ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. सातूला मोड आणावयाचे, ते धुरावर वाळवून भरडावयाचे, ऊन पाण्यात त्यांचा गोडवा उतरवून तो आंबवावयाचा आणि तांब्याच्या भट्टीतून दोनदा गाळावयाचा, येथवर कामास काही आठवडे पुरतात. त्यानंतर तो अर्क ओक लाकडाच्या पिंपांत कोंडून ठेवावा लागतो आणि मग कित्येक वर्षे वाट पाहण्यावाचून मालकाच्या हाती काही उरत नाही. मजुरांचे पगार चालू, कर्जाचे व्याज चालू आणि विक्री शून्य! योइचीस १९३६ साली पहिली भट्टी पेटली, तीही एकच. दोन्ही वेळचे गाळणे त्या एकाच भांड्यात करावे लागे. पहिली बाटली बाजारात आली ती १९४० साली. मधल्या काळात कंपनी सफरचंदाचा रस विकून दिवस काढीत होती. तिचे मूळ नावच मुळी फळांच्या रसाचे होते आणि त्या नावाची आद्याक्षरे जोडून पुढे ‘निक्का’ हा शब्द झाला. रसाचाही खप यथातथाच होता.

आता पिंपांतील एक गंमत पाहा. कोठारात ठेवलेला अर्क लाकडातून हळूहळू उडून जातो. स्कॉटलंडच्या हवेत दरसाल शेकडा दोनच्या आसपास. तेथील कारागीर यास देवदूतांचा वाटा म्हणतात. हवेत विरून गेलेल्या या वाट्याचीही वहीत नोंद होते. मग आम्ही विचारतो, रीटाच्या वाट्याची नोंद कोणत्या खात्यावर करावयाची? पडत्या काळात चूल पेटती ठेवणाऱ्या शिकवण्या तिच्या. ज्या घरांत तिची शिकवणी होती त्यांपैकी एका सधन घराचा यजमान पुढे योइचीच्या कंपनीत भांडवल घालणारा झाला. ही ओळख कोणाची कमाई समजावयाची?

पुढे युद्ध आले. रीटाने जपानचे नागरिकत्व घेतले होते, भाषा आत्मसात केली होती, तेथील रांधणे आपलेसे केले होते. तरीही जन्माने ब्रिटिश म्हणून पोलिसांची नजर तिच्या दाराशी राहिली. ज्या सरकारच्या आरमारास तिच्या नवऱ्याची व्हिस्की हवी होती, त्याच सरकारला ती बाई मात्र संशयित वाटत होती! तिने गाव सोडले नाही. १९६१ च्या जानेवारीत ती वारली. मासाताका १९७९ साली गेला आणि योइचीच्या टेकडीवर तिच्याशेजारीच त्याला पुरण्यात आले. आज त्या गावातील एका रस्त्याला रीटाचे नाव आहे, आणि २०१४ साली जपानच्या सार्वजनिक नभोवाणी-दूरचित्रवाणी संस्थेने या जोडप्याच्या जीवनावर आधारलेली मालिका दाखविली. उशिरा का होईना, त्या देशाने तिचे ऋण मानले.

आपण आपल्या ऋणांचे काय करतो? शहापूर-वडगावच्या मागावर बसतो तो विणकर. पण कांड्या भरणारी कोण? खानावळीच्या पाटीवर नाव यजमानांचे. पहाटे चारला उठून पीठ मळणारी कोण? पिठाची गिरणी, लोणची-पापडाचा धंदा, कोपऱ्यावरचे किराणा दुकान, सर्वत्र हीच कथा. पाटीवर ‘आणि बंधू’ लिहितात, ‘आणि पुत्र’ लिहितात. ‘आणि पत्नी’ लिहिलेली पाटी आमच्या तरी पाहण्यात नाही. कोणी म्हणेल, घरच्या माणसाचा कसला आला आहे हिशेब? हे बोल कानाला गोड आहेत. परंतु यजमानांनी डोळे मिटले की दुसऱ्या महिन्यात बँकेचा कारकून सही विचारतो, दीर गुमास्ता परवाना दाखवितात, आणि वीस वर्षे गल्ल्यावर बसलेली बाई स्वतःच्याच दुकानात पाहुणी ठरते. त्या दिवशी तो गोडवा तिच्या उपयोगी पडत नाही.

यास उपाय नाही असे नाही. १९३२ चा भागीदारी कायदा नवराबायकोस भागीदार होण्याची मनाई करीत नाही. भागीदारीचा लेख करावा, तिचा वाटा शेकड्यात स्पष्ट लिहावा, आपल्या माघारी धंदा कोणी चालवावयाचा हेही त्यात नमूद करावे आणि फर्मची नोंदणी करावी. बँकेच्या खात्यावर तिची सही असावी. एवढ्याने प्रेम कमी होते असे ज्यांस वाटते त्यांनी आपले प्रेम एकदा तपासून पाहावे.

दिवाळीच्या पाडव्यास आपण वहीपूजन करतो. येत्या पाडव्यास नव्या वहीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ लिहून झाल्यावर त्याखाली दुसरे नाव घरातल्या भागीदाराचे लिहावे, एवढीच आमची विनंती आहे.