पंधराव्या मानांकनाचा संघ

१९७२ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातल्या नॉर्मल नावाच्या गावात महाविद्यालयीन महिला संघांची राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा भरली. सोळा संघ आले होते. त्यांत पेन्सिल्व्हेनियातल्या इमॅक्युलाटा कॉलेजला पंधरावं मानांकन मिळालं होतं. म्हणजे त्यांच्याकडून कुणाचीच काही अपेक्षा नव्हती. हे कॅथलिक नन चालवत असलेलं मुलींचं छोटं कॉलेज. नॉर्मलला जायला कॉलेजकडे पुरेसे पैसे नव्हते, म्हणून मुलींनी टूथब्रश विकून निधी गोळा केला. तोही सगळ्यांना पुरला नाही. अकरापैकी आठच जणी गेल्या, त्याही विमानात ऐनवेळी रिकाम्या राहिलेल्या जागांवर बसून.

थोड्याच दिवसांपूर्वी प्रादेशिक अंतिम सामन्यात शेजारच्या वेस्ट चेस्टर कॉलेजनं त्यांना ३२ गुणांनी हरवलं होतं. त्या हंगामातला त्यांचा तो एकमेव पराभव. राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पुन्हा तोच संघ समोर आला आणि इमॅक्युलाटानं ५२-४८ असा सामना जिंकला. हंगाम संपला तेव्हा हिशोब होता २४ विजय, १ पराभव. पुढच्या वर्षी त्या एकही सामना हरल्या नाहीत, आणि १९७४ मध्ये सलग तिसऱ्यांदा राष्ट्रीय विजेत्या ठरल्या.

अमेरिकेतल्या कॅथलिक मुलींची पन्नास वर्षांपूर्वीची ही गोष्ट आपण का वाचायची? कारण ती एका धार्मिक अल्पसंख्याक समाजाच्या शिक्षणसंस्थेची गोष्ट आहे. अशा संस्था आपल्याकडेही आहेत. आपल्या मुलीही आहेत. मधे काय कमी पडतं, एवढाच प्रश्न आहे.

या विजयाला अनेकांनी चमत्कार म्हटलं. पण चमत्कार म्हटलं की शिकण्यासारखं काही उरत नाही. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एखादी गोष्ट अचानक चालू लागली तर ‘चाललं ना, मग झालं’ म्हणून सोडत नाहीत. का चाललं ते शोधतात, नाहीतर ती पुन्हा बंद पडते. तसंच इथेही बघू.

पहिलं कारण कॉलेजच्या बाहेर होतं. फिलाडेल्फिया आणि आसपासच्या कॅथलिक वस्त्यांत चर्चच्या शाळांमध्ये मुलींचे बास्केटबॉल संघ होते, त्यांच्या आपसांत नियमित स्पर्धा होत. मुलगी अठराव्या वर्षी कॉलेजात यायची तेव्हा कित्येक वर्षं खेळलेली असायची. संघातली सर्वांत मोठी खेळाडू थेरेसा शँक. तिला दूरच्या कॉलेजात जायचं होतं. घराला आग लागली, तो बेत राहिला आणि ती घराजवळच्या इमॅक्युलाटात आली. घराजवळच्या कॉलेजात येऊनही तिचा खेळ थांबला नाही, कारण तिथे खेळणाऱ्या दुसऱ्या मुली आधीच होत्या.

दुसरं कारण प्रशिक्षक. कॅथी रश ही विशीतली तरुणी १९७० मध्ये तिथे रुजू झाली, तेव्हा तिला वर्षाला ४५० डॉलर मिळत. कॉलेजची व्यायामशाळा १९६७ च्या आगीत जळून गेली होती. मुली गुडघ्यापर्यंतचे लोकरी ट्युनिक घालून खेळत. पण रशला खेळ कळत होता, आणि पुरुषांच्या खेळातले डावपेच मुलींना शिकवायला ती कचरली नाही. वेळही योग्य होती. तोवर मुलींचा बास्केटबॉल सहा जणींचा असे आणि त्यातल्या बहुतेकींना अर्ध्याच मैदानात खेळायची मुभा असे. बायकांना पूर्ण मैदानभर धावणं झेपणार नाही, अशी त्यामागची समजूत. १९७१ मध्ये पाच जणींचा, पूर्ण मैदानाचा खेळ अधिकृत झाला आणि ती समजूत एका हंगामात उघडी पडली.

तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. सामन्याला नन येत. पायघोळ झगा आणि डोक्यावर शिरोवस्त्र घातलेल्या या बायका प्रेक्षकांत बसून ओरडत. एका खेळाडूच्या वडिलांचं हार्डवेअरचं दुकान होतं. त्यांनी पत्र्याच्या बादल्या आणून दिल्या आणि त्या बादल्या बडवून प्रेक्षक संघाला जोर चढवत. ज्यांनी स्वतः संसार आणि चैन सोडली होती, त्यांना मुलींचं धावणं, घामेजणं, जिंकणं धर्माविरुद्ध वाटलं नाही. मुली आपल्या होत्या, म्हणून त्यांचा खेळही आपला होता.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्रात मुस्लिम समाजानं उभ्या केलेल्या शाळा-कॉलेजांची परंपरा जुनी आहे. मुंबईची अंजुमन-ए-इस्लाम १८७४ मध्ये स्थापन झाली. पुण्यात आझम कॅम्पस आहे. मालेगाव, भिवंडी, सोलापुरात उर्दू शाळांमधून मुलींच्या पिढ्या शिकल्या. मुलींना शिकवायचं की नाही हा वाद आपल्या बहुतेक घरांत आता राहिलेला नाही, आणि ही साधी गोष्ट नाही. पण मुलींनी खेळायचं की नाही, हा वादच अजून नीट सुरू झालेला नाही. नकार कुणी मोठ्यानं देत नाही. मुलगी सातवी-आठवीत जाते, आणि एक दिवस तिचं खेळणं बंद झालेलं असतं. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, ते घरातल्या कुणालाच सांगता येत नाही. भाऊ संध्याकाळी मैदानावर असतो. ती ट्यूशनला जाते आणि मगरीबच्या आत घरी येते.

जी मुलगी तरीही खेळते, तिच्या वाट्याला काय येतं ते बिल्किस अब्दुल-कादिरच्या आयुष्यात दिसतं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये वाढलेली ही मुलगी हिजाब घालून खेळायची. शालेय बास्केटबॉलमध्ये तिनं ३,०७० गुण केले. त्या राज्यात तोवर मुलगा-मुलगी कुणीच एवढे गुण केले नव्हते. पुढे ती मेम्फिस विद्यापीठाकडून खेळली. तिथल्या महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या सर्वांत वरच्या गटात हिजाब घालून खेळणारी ती पहिली. कॉलेज संपलं आणि व्यावसायिक खेळायची वेळ आली तेव्हा आंतरराष्ट्रीय महासंघ ‘फिबा’चा नियम आडवा आला. डोकं झाकून खेळता येणार नव्हतं. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत याच नियमामुळे कतारच्या महिला संघानं हिजाब काढायला नकार देत सामना सोडला. बिल्किस आणि तिच्यासारख्या अनेकींनी पाठपुरावा केला. २०१७ मध्ये फिबानं नियम बदलला. तोवर बिल्किसची खेळायची उमेदीची वर्षं निघून गेली होती.

फिबानं दार उघडलं, पण सगळी दारं उघडली नाहीत. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये फ्रान्सनं स्वतःच्या खेळाडूंना हिजाब घालायला मनाई केली. आपल्या देशात २०२२ मध्ये कर्नाटकात हिजाब घातलेल्या मुली कॉलेजच्या फाटकाबाहेर उभ्या राहिल्या. मुंबईतल्या एका कॉलेजच्या अशाच बंदीला २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंशतः स्थगिती दिली. या प्रत्येक वेळी आपण आवाज उठवला, आणि तो उठवायलाच हवा होता. मुलीनं डोक्यावर काय घ्यावं हे सरकारनं किंवा प्राचार्यांनी ठरवू नये.

पण मग आपण स्वतःलाही विचारायला हवं. बाहेरचा माणूस तिला सांगतो, ‘हे काढलंस तर खेळ.’ घरातला सांगतो, ‘हे घातलंस तरी खेळू नकोस.’ दोघंही तिच्या कपड्यांबद्दलच बोलतात. तिचा नेम कसा आहे, ती किती वेगानं धावते, हे दोघांपैकी एकालाही माहीत नसतं. जिला हिजाब घालून खेळायचंय तिला तसं खेळता यावं, जिला न घालता खेळायचंय तिलाही खेळता यावं. पहिल्या हक्कासाठी रस्त्यावर उतरणाऱ्यानं दुसऱ्या हक्काला घरात नाही म्हटलं, तर तो मुलीच्या हक्कासाठी लढत नसतो. तिच्या वतीनं कुणी ठरवायचं, एवढ्यासाठीच लढत असतो.

धर्माचा हवाला देणाऱ्यांना एका प्रसिद्ध हदीसची आठवण द्यावीशी वाटते. हजरत आयेशांनी पैगंबरांबरोबर धावण्याची शर्यत लावली होती. एकदा त्या जिंकल्या, नंतर एकदा पैगंबर जिंकले. ही हकिकत आपल्या वाजांमध्ये पती-पत्नीच्या प्रेमाचं उदाहरण म्हणून सांगितली जाते. त्यात एक बाई धावते आहे, याकडे मात्र कुणी लक्ष वेधत नाही.

‘समाजापुढे इतके प्रश्न असताना खेळाचं काय घेऊन बसलात?’ हा आक्षेप येणारच. नोकऱ्या नाहीत, घर भाड्यानं मिळत नाही, वातावरण बिघडलेलं आहे. हे सगळं खरं आहे. पण खेळ ही या प्रश्नांवरून लक्ष उडवणारी करमणूक नाही. हरल्यावर दुसऱ्या दिवशी सरावाला यायचं, चार जणींशी पटो न पटो, त्यांना चेंडू द्यायचा, पंचाचा निर्णय चुकीचा वाटला तरी पुढचा खेळ खेळायचा, परक्या गावात जाऊन नऊ-दहा तास स्वतःचं स्वतः बघायचं. मुलाखतीच्या खोलीत, ऑफिसात, पोलीस चौकीत आणि सासरीही हेच लागतं. आपली मुलगी बोलत नाही, बुजते, अशी तक्रार अब्बू करतात. बोलायची, चुकायची, पुन्हा उठायची जागा तिला कुठे दिली, हेही त्यांनी पाहावं.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा आणि पैशाचा. इथे बास्केटबॉल उपयोगी पडतो. त्याचं मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद. म्हणजे बऱ्याच शाळांच्या पटांगणात ते बसतं, आणि शाळेच्या भिंतीच्या आतच असतं. ३.०५ मीटर उंचीवर दोन बास्केट आणि चार-सहा चेंडू असले की सुरुवात होते. एका बाजूला पाचच जणी लागतात. शाळा सुटल्यापासून मगरीबपर्यंतचा वेळ सरावाला पुरतो. रात्री बाहेर राहण्याचा प्रश्नच येत नाही.

मग करायचं काय? इमॅक्युलाटाच्या गोष्टीतूनच चार कामं निघतात.

एक, सुरुवात कॉलेजात नको, चौथी-पाचवीत हवी. एका शहरातल्या सहा उर्दू किंवा मराठी शाळांनी आपसांत मुलींची छोटी साखळी स्पर्धा दरवर्षी घेतली, तर सात-आठ वर्षांनी कॉलेजला संघ शोधावा लागणार नाही.

दोन, मैदानाच्या वेळापत्रकात मुलींचे तास लिहून ठेवायचे. ‘मुलींनाही परवानगी आहे’ याला अर्थ नसतो. मुलं आधीच मैदान धरून बसलेली असतात. आठवड्यातले तीन दिवस मुलींचे, असं फळ्यावर लिहिलेलं हवं. पूर्ण बाह्यांचा पोशाख आणि खेळाचा हिजाब संस्थेनंच उपलब्ध करून द्यावा, आणि तो घालण्याची सक्तीही करू नये.

तीन, प्रशिक्षक बाई नेमायची आणि तिला पगार द्यायचा. रश ४५० डॉलरवर राबली, म्हणून आपल्या मुलींच्या प्रशिक्षकानंही सवाबसाठी राबावं असं नाही. आपल्यापैकी जे इंजिनिअर, डॉक्टर, दुकानदार झाले, त्यांनी आपल्या जुन्या शाळेसाठी एवढा भार उचलणं अवघड नाही. आपल्या मुलींवर प्रवासखर्चासाठी टूथब्रश विकायची वेळ येऊ नये.

चार, सामना बघायला जायचं. अब्बू, भाऊ, मामू, फुफी, मशिदीचे विश्वस्त, सगळ्यांनी. यातलं हे सर्वांत स्वस्त काम आहे आणि सर्वांत अवघडही. मैदानाच्या कडेला घरचं माणूस उभं असलं की मोहल्ल्यातली अर्धी कुजबुज आपोआप थांबते.

इमॅक्युलाटाचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. त्यांच्या पहिल्या विजयानंतर तीनच महिन्यांनी, जून १९७२ मध्ये, अमेरिकेत ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलींशी भेदभाव करायला त्यानं मनाई केली. हळूहळू मोठी विद्यापीठं मुलींना खेळाच्या शिष्यवृत्त्या देऊ लागली आणि छोट्या कॉलेजांना त्यांच्याशी टक्कर देणं अशक्य झालं. १९७५ आणि १९७६ च्या अंतिम सामन्यांत इमॅक्युलाटा हरलं, आणि त्यानंतर ते कधी राष्ट्रीय विजेतं झालं नाही. पण १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पहिल्यांदा महाविद्यालयीन महिलांचा सामना झाला, तेव्हा मैदानात उतरलेल्या दोन संघांपैकी एक इमॅक्युलाटाचा होता आणि बघायला सुमारे बारा हजार लोक आले होते. त्या मुलींतून पुढे नामवंत प्रशिक्षक तयार झाल्या. थेरेसा शँक १९९२ च्या ऑलिम्पिकमध्ये अमेरिकी महिला संघाची प्रशिक्षक होती.

कायदा आल्यावर बदल टिकला हे खरं. पण कायदा येईपर्यंत त्या थांबल्या नव्हत्या. आपल्याकडेही मैदानांची, शिष्यवृत्त्यांची, भेदभाव न होण्याची मागणी सरकारकडे करत राहायची आहे. मात्र शाळेच्या पटांगणात दोन बास्केट लावायला कुणाच्या आदेशाची गरज नाही. जूनमध्ये नवं शैक्षणिक वर्ष सुरू होईल. तुमच्या शाळेचे किंवा कॉलेजचे विश्वस्त कोण आहेत ते तुम्हाला माहीत असतं. ईदला त्यांच्या घरी जाणंही होतं. या वेळी शीरखुर्मा घेताना एवढंच विचारा: मैदानावर मुलींचे दिवस कोणते?