जीव वाचवणाऱ्या बटणाला वर्षाचं भाडं कशाला?

पुसेगाव आणि पंचक्रोशीतल्या गाडीमालक बंधू-भगिनींनो,

2019 पासून आपल्याकडे आतच सिम बसवलेल्या गाड्या विकायला आल्या. मोबाईलवरून एसी लावा, दार लॉक करा, गाडी कुठं आहे ते बघा, अपघात झाला तर एसओएसचं बटण दाबा. गाडी घेताना हे फुकट म्हणून सांगतात. काही वर्षांनी संदेश येतो: मुदत संपली, पैसे भरा. मलाही आला. पाठोपाठ शोरूममधून फोन: "नाही भरले तर एसओएस बंद होईल, साहेब. घरच्यांच्या जिवाचा प्रश्न आहे."

त्या फोनचा संताप आला म्हणून हे पत्रक छापलं.

पैसे भरण्याआधी मी महिनाभर वहीत नोंद ठेवली. ॲप अकरा वेळा उघडलं. त्यातल्या आठ वेळा गाडी माझ्याच अंगणात उभी होती! दोनदा उन्हात एसी लावला. एकदा मुलगा रात्री हिंगोलीहून निघाला तेव्हा कुठवर आला ते पाहिलं. रस्ता दाखवायला मोबाईलचा नकाशा होताच. ज्यांची गाडी भाड्यानं जाते, ड्रायव्हरच्या हाती असते, त्यांचे पैसे वसूल होतात. त्यांनी खुशाल भरावेत. माझे होत नाहीत. मी भरले नाहीत. एअरबॅग आणि ब्रेक या वर्गणीवर चालत नाहीत, एवढं घरच्यांनाही समजावून सांगा.

पण एसओएसचं काय? एसी मोबाईलवरून लावणं ही चैन आहे, तिचे पैसे जरूर घ्या. अपघातात अडकलेल्या माणसाची हाक ही चैन नाही. युरोपीय संघात 31 मार्च 2018 पासून नव्या मॉडेलच्या मोटारींत ई-कॉल सक्तीचा आहे. मोठी धडक बसली की गाडी स्वतः 112 ला फोन लावते, ठिकाण कळवते. त्याची वर्गणी नाही. एरवी ती यंत्रणा झोपलेली असते, माणसाच्या मागावर राहत नाही. आपल्याकडेही 112 आणि 108 फुकट आहेत. मग गाडीतल्या बटणालाच भाडं का? शिवाय ज्या शिवारात गाडीच्या सिमला रेंज नाही, तिथं पैसे भरूनही ते बटण मुकंच. हे फोनवर कुणी सांगत नाही.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी तर डोळ्यांत तेल घालून बघावं. आधीच्या मालकाचं खातं गाडीला जोडलेलं राहिलं, तर तुमची गाडी कुठं जाते ते त्याच्या मोबाईलवर दिसू शकतं. कागदपत्रं नावावर करताना ते खातं तुमच्यासमोर काढायला लावा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं संमती मागे घेण्याचा आणि माहिती पुसून मागण्याचा हक्क मान्य केला आहे. वर्गणी बंद करताना तशी मागणी लेखी करा.

आमची मागणी एवढीच: एसओएस गाडीच्या आयुष्यभर फुकट ठेवा. बाकी सोयींची मुदत आणि पुढचा दर गाडी विकतानाच बिलावर छापा.

संदेश आला असेल तर लगेच भरू नका. काय बंद होणार, काय चालू राहणार, ते शोरूमकडून लिहून घ्या. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. आणि हे पत्रक वाचून झालं की शेजारच्या गाडीमालकाला द्या.

— पुसेगावचा एक गाडीमालक